डांबर वाहवायचे की गोठवायचे?

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या केप ब्रेटन बेटावर सिडनी नावाचे शहर आहे. १९०० च्या आसपास तिथे पोलादाचा मोठा कारखाना उभा राहिला. पोलादाला कोक लागतो, कोकसाठी दगडी कोळसा बंद भट्टीत भाजावा लागतो आणि भाजताना त्यातून डांबर सुटते. जे विकले गेले ते गेले. उरलेले, सांडलेले, गळलेले डांबर ओढ्यावाटे जवळच्या खाडीत उतरत राहिले. १९८८ मध्ये भट्ट्या थंडावल्या तोवर खाडीच्या तळाशी सुमारे ७ लाख टन काळा विषारी गाळ साचला होता. ‘सिडनी टार पाँड्स’ म्हणून ही जागा पुढे कॅनडाभर बदनाम झाली. सिडनी बंदराच्या दक्षिण भागातली लॉबस्टरची मासेमारी तर १९८२ मध्येच बंद करावी लागली होती, कारण लॉबस्टरच्या मांसात डांबरातली रसायने सापडू लागली होती.

१९८६ मध्ये केंद्र आणि प्रांत सरकारांनी मिळून साफसफाईचा करार केला. योजना कागदावर सरळ होती. खाडीतला गाळ उपसायचा, नळातून भट्टीपर्यंत न्यायचा आणि जाळून टाकायचा. डांबर म्हणजे शेवटी इंधनच, त्यामुळे ते जळेल यात कुणाला शंका नव्हती. भट्टी बांधून तयार झाली. पण गाळ तिच्यापर्यंत पोचेना. नळातून वाहायला तो फार घट्ट होता आणि सगळीकडे सारखाही नव्हता. त्यातच काही भागांत पीसीबी ही जाळायला अत्यंत अवघड रसायने सापडली. त्यांच्यासाठी ही भट्टी नव्हतीच. १९९० च्या दशकाच्या मध्यावर योजना गुंडाळली गेली तेव्हा सुमारे साडेपाच कोटी डॉलर खर्च झाले होते आणि गाळ होता तिथेच होता.

घातक कचऱ्याविषयी आपण बोलतो तेव्हा पहिला प्रश्न विचारतो, तो किती विषारी आहे? साफ करणाऱ्या अभियंत्याचा पहिला प्रश्न वेगळा असतो, निदान असायला हवा. हा माल वाहतो का? कारण विषाचा बंदोबस्त करणारी यंत्रणा बहुधा वेगळ्या जागी असते आणि तिथवर माल नेण्याचे दोनच मार्ग आहेत: नळ किंवा माणसाचे हात. नळ हरला की फावडे घेऊन माणूस आत उतरतो. डांबराच्या साफसफाईतला सगळा धोका या एका वाक्यात आहे.

आधी मालाची ओळख. हवा लागू न देता कोळसा १००० अंश सेल्सिअसच्या वर तापवला की त्यातून गॅस निघतो. तो थंड केला की पाणी आणि डांबर वेगळे होतात. कोळशाच्या वजनाच्या साधारण तीन-चार टक्के डांबर मिळते. त्यात अक्षरशः हजारो संयुगे असतात: बेंझीन, टोल्युइन, फिनॉल, नॅफ्थलीन, अँथ्रासीन आणि तळाला निम्म्याहून अधिक पिच, म्हणजे थंड झाल्यावर दगडासारखा फुटणारा काळा अवशेष. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, म्हणजे नॅफ्थलीन, मुळात यातूनच आल्या. १८५६ मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने लंडनमध्ये जो जांभळा कृत्रिम रंग बनवला, त्याचा कच्चा मालही डांबरातूनच काढलेला. आपल्या रस्त्यांवर आज पडते ते मात्र खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून उरलेले बिटुमेन. कोळशाच्या डांबराचा तो लांबचा भाऊ म्हणता येईल आणि विषारीपणात बराच सौम्य.

कोळशाच्या डांबराचे विष जुन्या ओळखीचे आहे. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. १९१५ मध्ये कात्सुसाबुरो यामागिवा आणि कोइची इचिकावा या जपानी संशोधकांनी सशांच्या कानाला महिनोन्‌महिने डांबर चोळून कर्करोग निर्माण करून दाखवला. हा इतिहास माहीत असताना डांबराच्या टाकीत माणूस उतरवणे हा अज्ञानाचा भाग राहत नाही.

कोक भट्ट्यांच्या कारखान्यात डांबर आणि पाणी वेगळे करणारी एक मोठी टाकी असते, तिला डिकँटर म्हणतात. डांबर पाण्याहून जड, त्यामुळे ते खाली बसते. गॅसबरोबर उडून आलेली कोळशाची पूड आणि कोकचे कण त्याच्याही खाली बसतात. तळाशी जो थर जमतो तो पातळ डांबराचा नसतो. कणांनी गच्च भरलेला, पाण्याचे थेंब पोटात धरून ठेवलेला, वर्षानुवर्षे दाबाखाली आवळत गेलेला असा तो गाळ असतो. भारतात घातक कचऱ्याच्या नियमांमध्ये डिकँटरमधल्या या डांबरी गाळाचा आणि डांबर साठवण्याच्या टाक्यांमधल्या अवशेषाचा वेगळा उल्लेख आहे तो उगाच नाही.

घट्टपणा म्हणजे किती घट्टपणा? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात थॉमस पार्नेल या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने १९२७ मध्ये गरम पिच एका फनेलमध्ये ओतले, तीन वर्षे ते बसू दिले आणि १९३० मध्ये फनेलचे खालचे टोक कापले. पहिला थेंब १९३८ मध्ये पडला. नववा थेंब सुटला २०१४ मध्ये. हातोडीने मारले तर तडकणारा हा पदार्थ प्रत्यक्षात द्रव आहे आणि पाण्यापेक्षा सुमारे २३० अब्ज पट दाट आहे, असा हिशोब त्यातून निघाला. प्रयोगाचा सांभाळ करणारे जॉन मेनस्टोन १९८८ मध्ये थेंब पडायच्या वेळी काहीतरी प्यायला म्हणून खोलीबाहेर गेले आणि तेवढ्यात तो पडला. २००० मध्ये कॅमेरा लावला, तर नेमका तोच बिघडला. २००५ मध्ये या प्रयोगाला विनोदी संशोधनाचे इग नोबेल मिळाले. थेंब पडताना एकदाही प्रत्यक्ष न पाहता २०१३ मध्ये मेनस्टोन वारले.

सफाईच्या कामात मिळणारा गाळ पिचइतका कठीण क्वचितच असतो, पण धडा तोच आहे: हा पदार्थ वाहायला नकार देत नाही, तो वेळ मागतो. आणि त्याचा दाटपणा, पुस्तकी भाषेत श्यानता, तापमानावर विलक्षण अवलंबून असतो. थंडीत काकवीची बाटली उलटी धरून पाहा आणि मग तीच ऊन पाण्यात ठेवून पाहा. डांबरात हा फरक काही पटींचा नसून हजारो, लाखो पटींचा होऊ शकतो. तापमान चढते तसे रेणू एकमेकांच्या विळख्यातून सुटू लागतात आणि दर काही अंशांगणिक दाटपणा पुन्हा पुन्हा काही पटींनी घसरतो. म्हणूनच डांबराच्या टाक्यांत वाफेच्या नळ्यांची वेटोळी असतात आणि नळांभोवतीही वाफेचे वेष्टण असते.

मग तापवा आणि ओढा, एवढे सोपे का नाही?

‘ओढा’ या शब्दातच पहिली अडचण आहे. पंप द्रव ओढतो, असे आपण बोलतो खरे, पण तो फक्त आपल्या तोंडाशी दाब कमी करतो. द्रवाला आत ढकलते ती बाहेरची हवा. आणि हवेची ताकद फार नाही. पाण्याचा स्तंभ ती जास्तीत जास्त दहा मीटर उचलू शकते, डांबर पाण्याहून जड म्हणून त्याहूनही कमी. शिवाय दाट द्रवाला नळीच्या भिंतीशी घासत पुढे सरकवण्यातच ही ताकद संपून जाते. व्हॅक्यूम टँकरची नळी गाळात खुपसली की पहिल्या काही सेकंदांत थोडा गाळ आत येतो, मग नळीच्या तोंडापाशी खड्डा पडतो आणि पंप नुसती हवा खात बसतो. कितीही मोठा पंप आणला तरी हवेचा दाब तोच राहतो. म्हणून दाट मालासाठी पंप मालाकडे न्यावा लागतो, गाळात बुडवावा लागतो. जातही वेगळी लागते. गरगर फिरून पाणी भिरकावणारा साधा सेंट्रिफ्यूगल पंप डांबरात दमतो. रेने म्वानो या फ्रेंच अभियंत्याने १९३० च्या दशकात काढलेल्या, मळसूत्रासारख्या दांड्याने माल कप्प्याकप्प्यांतून पुढे सरकवणाऱ्या पंपाला दाट, खरखरीत गाळ तुलनेने सहज झेपतो.

दुसरी अडचण उष्णतेची. डांबर उष्णतेचे वाईट वाहक आहे आणि घट्ट असल्यामुळे ते ढवळलेही जात नाही. वाफेच्या नळीला चिकटलेला थर करपून कोक होतो आणि हातभर अंतरावरचा गाळ थंडच राहतो. त्यात पोटातले पाणी. तापमान १०० अंशांपाशी गेले की गाळात अडकलेल्या पाण्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची १६०० लिटरहून जास्त वाफ. अशी वाफ दाट डांबराच्या पोटात एकदम झाली तर सगळा माल फेसाळून टाकीबाहेर येतो. म्हणजे शंभराच्या बऱ्याच खाली थांबणे भाग. पण खालीही निर्धास्त राहता येत नाही. बेंझीन ८० अंशांना उकळते आणि नॅफ्थलीन ८० अंशांनाच वितळते. बेंझीनची वाफ विषारी आणि ज्वालाग्राही. नॅफ्थलीनची वाफ वर जाऊन टाकीच्या श्वासनळीत, म्हणजे व्हेंटमध्ये, थंड होते आणि तिथे पांढरे स्फटिक जमून ती नळी बुजते. बुजलेल्या व्हेंटची टाकी फुगू शकते किंवा पंप चालू असेल तर आत पिचकू शकते. डांबराच्या गोळीने टाकी पिचकते, हे ऐकायला गंमतीचे वाटले तरी डांबर हाताळणाऱ्यांना ते चांगलेच ठाऊक असते.

यावर उपाय असा की टाकी तापवत बसण्याऐवजी माल फिरवायचा. थोडा पातळ भाग आधी बाहेर घ्यायचा, तो बाहेरच्या उष्णता-विनिमयकात सावकाश तापवायचा आणि नोझलमधून जोरात परत गाळावर मारायचा. तापलेला झोत गाळ कापतो, ढवळतो, वितळवतो. जेवढा सुटला तेवढा पुन्हा बाहेर, पुन्हा गरम, पुन्हा आत. टाकी बंद राहते, माणूस बाहेर राहतो. खनिज तेलाच्या टँकर जहाजांत हीच युक्ती तेलानेच टाकी धुण्याच्या रूपाने रूढ झाली आणि १९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर मोठ्या नव्या टँकरांना ती बंधनकारक झाली. त्याआधी टाक्या पाण्याने धुवून ते तेलकट पाणी समुद्रात सोडण्याची चाल होती. गोवा-कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी पायाला चिकटणारे काळे डांबरगोळे येतात, त्यांच्या मागे समुद्रात सांडलेले आणि सोडून दिलेले असेच तेल असते.

पण झोताचाही एक काळा महिना आहे. डिसेंबर १९६९ मध्ये ‘मार्पेसा’, ‘मॅक्ट्रा’ आणि ‘कोंग हाकोन सातवा’ या तीन प्रचंड टँकर जहाजांमध्ये आफ्रिकेच्या आसपासच्या समुद्रांत एकामागून एक स्फोट झाले. तिन्ही रिकामी होती आणि तिन्हींमध्ये टाक्या धुण्याचे काम चालू होते. ‘मार्पेसा’ बुडाले. जोरदार पाण्याच्या झोताने टाकीत जो धुक्यासारखा तुषार तयार होतो त्यावर स्थिर विद्युतभार साचतो आणि त्यातून ठिणगी पडू शकते, हे तपासातून पुढे आले. ठिणगी टाळणे अवघड, पण तिला हवा न देणे शक्य आहे. तेव्हापासून टाकीतली हवा काढून त्या जागी नायट्रोजन किंवा जहाजाच्या बॉयलरचा धुतलेला धूर भरायचा आणि ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या खाली ठेवायचा, हा नियम पक्का झाला. जमिनीवरच्या डांबराच्या टाकीलाही तोच लागू होतो. फक्त एवढे लक्षात ठेवायचे की आग विझवणारा हा नायट्रोजन माणसालाही विझवतो. शुद्ध नायट्रोजनचे एक-दोन श्वास शुद्ध हरपायला पुरतात आणि त्याला वास नसतो.

उष्णतेच्या जोडीला विरळ करणारे तेल घालतात. इथे कारखान्यांतून एक चूक वारंवार होते. हाताशी असलेले रॉकेल किंवा डिझेल ओतले जाते. ते स्वस्त असते, पण जातीने वेगळे असते. कोळशाचे डांबर हे कडीच्या आकाराच्या, म्हणजे सुगंधी गटातल्या रेणूंचे. रॉकेल-डिझेलमध्ये सरळ साखळ्यांचे प्रमाण जास्त. समान समानात विरघळते. साखळ्यांचे तेल डांबरात मिसळले की वरचा भाग पातळ दिसू लागतो आणि सर्वांत जड रेणू विरघळण्याऐवजी गोळा होऊन तळाशी बसतात. प्रयोगशाळेत हेप्टेनसारखे साखळीचे द्रव घालून हे जड रेणू मुद्दाम वेगळे काढतात. टाकीत तेच नकळत घडते आणि खालचा थर पूर्वीपेक्षा घट्ट होतो. उत्तम विद्रावक टोल्युइन, पण त्याची वाफ ४ अंशांनाही पेट घेऊ शकते, म्हणून ते टाकीत ओतणे वेडेपणाचे. मधला मार्ग डांबरातूनच निघतो. डांबराच्या ऊर्ध्वपातनात २०० अंशांच्या वर मिळणारी क्रिओसोट, वॉश ऑइल, अँथ्रासीन तेल यांसारखी जड तेले डांबर चांगले विरघळवतात आणि सहजासहजी पेटत नाहीत. डांबराची दवा डांबरातच. प्रमाणही फार लागत नाही, कारण मिश्रणाचा दाटपणा सरासरीच्या हिशोबाने कमी होत नाही. थोड्या पातळ तेलानेही तो झपाट्याने कोसळतो.

कोक कारखान्यांत याचा एक समंजस वापर होतो. डिकँटरचा गाळ दळून त्यातले गोळे फोडतात, गरम तेलात मिसळून पंपाने वाहील असा करतात आणि भट्टीत जाणाऱ्या कोळशावर फवारतात. भट्टीतून निघालेले भट्टीत परत. अमेरिकेतल्या नियमांत हा गाळ घातक कचऱ्याच्या यादीत आहे, पण असा भट्टीत परत गेला तर त्याला कचऱ्यातून सूट मिळते. मला हा मार्ग सगळ्यांत पसंत आहे, कारण त्यात घातलेले तेलही वाया जात नाही. विरळ केलेल्या मालाचा एक हिशोब नेहमी विसरला जातो: १०० टन गाळात ३० टन तेल घातले की तुमच्याकडे १३० टन घातक कचरा होतो. पुढे तो माल घेणाऱ्याला तेल उपयोगी पडणार नसेल, तर तुम्ही फक्त वजन वाढवलेत.

तिसरी युक्ती माल पातळ न करताच तो वाहवण्याची. डांबराचे बारीक थेंब करून ते पाण्यात तरंगते ठेवले, त्यांना एकत्र येऊ न देणारे साबणासारखे रसायन घातले, की नळाच्या भिंतीला फक्त पाणी लागते. व्हेनेझुएलाने ओरिनोको खोऱ्यातले अतिदाट बिटुमेन असेच ७० टक्के बिटुमेन आणि ३० टक्के पाणी या मिश्रणात ‘ओरिमल्शन’ नावाने जगभरच्या वीजकेंद्रांना विकले. आपल्याकडे खड्डे बुजवताना वापरतात ते रस्त्याचे इमल्शनही याच कुळातले. साफसफाईत मात्र मी याकडे जरा संशयाने पाहतो. कोळशाची पूड आणि जुने पाणी असलेल्या गाळाचे स्थिर इमल्शन नीट जमत नाही आणि जमले तर नंतर ते मोडत नाही. पाणी आणि डांबर पुन्हा वेगळे करताना नाकी नऊ येतात.

त्यापेक्षा देखणी कल्पना १९०४ च्या एका अमेरिकी पेटंटमध्ये आहे. आयझॅक्स आणि स्पीड या दोघांनी सुचवले की दाट तेल नळाच्या मधोमध जाऊ द्या आणि भिंतीलगत पाण्याचे पातळ कडे फिरवा. घर्षण होते ते भिंतीशी आणि तिथे आता पाणी असते. नळ चालवायला लागणारा दाब त्याने कितीतरी पटींनी उतरतो. शेल कंपनीने १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात सुमारे ३८ किलोमीटर लांबीची नळवाट या तत्त्वावर चालवली. बुडालेल्या किंवा फुटलेल्या जहाजांतून थंड, घट्ट इंधन काढताना पंपाच्या तोंडाशी पाण्याचे कडे सोडणारी चकती आज सर्रास लावतात. माल तापवावा लागत नाही, वाफ सुटत नाही, तेल घालावे लागत नाही. एकच अट, वाहणे मध्ये थांबू द्यायचे नाही. थांबले की डांबर भिंतीला चिकटते आणि पुन्हा सुरू करणे म्हणजे दिव्य.

एवढ्या युक्त्या असताना सिडनीचा गाळ का हरला? कारण तो टाकीत नव्हता. टाकीला भिंती असतात. उष्णता, तेल, वाफ, नायट्रोजन सगळे तिच्यात कोंडता येते. सिडनीत उघडी खाडी होती, वर पाऊस आणि हिम, खाली भरती-ओहोटी, गाळात गाठी, कारखान्याची मळी आणि पन्नास प्रकारचा केर. उघड्यावरच्या डांबराचा घट्टपणा हा त्याचा एकमेव गुण असतो: ते जागचे हलत नाही. त्याला पातळ करणे म्हणजे बांधलेला बैल सोडणे. पाण्याहून जड असल्यामुळे पातळ झालेले डांबर भूजलात खाली खाली झिरपते आणि एकदा ते खडकाच्या भेगांत शिरले की कुणाच्याही बापाला सापडत नाही. लाटव्हियात इंचुकाल्न्सजवळ, रीगाच्या तेल कारखान्याने सोव्हिएत काळात टाकलेल्या आम्लयुक्त डांबराच्या तळ्यांतून असेच विष भूजलात उतरले आणि गौया नदीच्या दिशेने सरकू लागले. शिवाय आम्लयुक्त डांबर नुसते हलवले तरी त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. तेव्हा उघड्यावर ढवळणे हेच एक प्रदूषण.

सिडनीकरांनी शेवटी उलटी वाट धरली. २००४ मध्ये ४० कोटी डॉलरचा नवा करार झाला. पीसीबी असलेला भाग जाळण्याचा विचार होता, पण लोकांच्या विरोधानंतर २००७ मध्ये तो सोडून दिला गेला. मग खाडीतला गाळ जागच्या जागी, तुकड्यातुकड्याने सिमेंटमध्ये कालवून घट्ट केला, त्यावर पाणी न झिरपणारे थर आणि माती टाकली. वर हिरवळ केली. ऑगस्ट २०१३ मध्ये तिथे ‘ओपन हार्थ पार्क’ ही बाग लोकांसाठी खुली झाली. विष गेलेले नाही, ते कोंडले आहे, आणि आजूबाजूच्या पाण्यावर लक्ष ठेवण्याचे काम पुढच्या पिढ्यांच्या माथी आहे. तरीही, वाहत नाही ते वाहवण्याच्या हट्टात साडेपाच कोटी घालवल्यानंतर हा शहाणपणा होता असेच मी म्हणेन. बंद भांड्यात असेल तर वाहवा, उघड्या जमिनीत असेल तर गोठवा. अपवाद असतील, पण सुरुवात इथून करावी.

आपल्याकडचा प्रश्न बहुतांशी बंद भांड्यांचा आहे. महाराष्ट्रात घातक कचरा घेणारी केंद्रे तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत. सिमेंटच्या भट्ट्याही असा माल इंधन म्हणून घेऊ शकतात. १४५० अंशांपर्यंत तापणाऱ्या त्या भट्टीत डांबरातले रेणू टिकत नाहीत. पण दोन्हीकडे माल एकसारखा आणि हाताळता येईल असा यावा लागतो. ते होते टाकीपाशी, कारखान्याच्या आवारात. आणि तिथेच बातम्या घडतात. औद्योगिक वसाहतीत टाकी साफ करताना कामगार गुदमरले, वाचवायला गेलेलाही गेला. या दुसऱ्या मृत्यूचे प्रमाण किती मोठे असते? अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगार-सुरक्षा संस्थेने १९८६ च्या इशाऱ्यात म्हटले होते की, बंदिस्त जागांत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला धावलेले असतात.

आपला कायदा याबाबतीत मुका राहिलेला नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाचे ३६ वे कलम सांगत होते की घातक वायू असू शकेल अशा टाकीत, पुरेसे मोठे मॅनहोल किंवा बाहेर पडायची दुसरी सोय असल्याशिवाय कुणालाही उतरवू नये. वायू काढून टाकण्याचे शक्य ते सर्व उपाय आधी करावेत. सक्षम व्यक्तीने तपासून लेखी दाखला दिलेला असावा, नाहीतर उतरणाऱ्याच्या तोंडावर श्वसनयंत्र आणि कमरेला पट्टा असावा, आणि त्या पट्ट्याचा दोर बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असावा. पण डांबराच्या बाबतीत दाखला फसवा ठरू शकतो. सकाळी मोजलेली हवा स्वच्छ असते. फावड्याने गाळ फोडला की आत कोंडलेले बेंझीन आणि हायड्रोजन सल्फाइड मोकळे होतात आणि दुपारची हवा वेगळीच असते. गाळ पातळ करून बाहेरून काढण्याचे खरे मोल इथे कळते: ढवळाढवळ होते तेव्हा आत कुणी नसते.

म्हणून ज्यांच्या सहीने टाकीसफाईचे काम निघते त्या कारखाना व्यवस्थापकांना एक विनंती. निविदेत दर, दिवस आणि टन लिहिण्याआधी ठेकेदाराला चार गोष्टी विचारा. गाळ किती अंशांना वाहतो, हे नमुना घेऊन पाहिले का? त्यात पाणी किती आहे? विरळ करायला कोणते तेल घालणार आणि ते पुढे कोण घेणार? टाकीतला ऑक्सिजन कोण, कशाने, किती वेळा मोजणार? ज्याच्याकडे उत्तरे नाहीत आणि ज्याचा दर सगळ्यांत कमी आहे, त्याच्याकडे पंपाच्या जागी माणसे आहेत असे समजा आणि ते काम त्याला देऊ नका.